कवायतीची झाली जत्रा: जपानी शाळांच्या क्रीडादिनाची दीडशे वर्षे

टोकियोच्या त्सुकिजी भागात जपानी आरमाराचे विद्यालय होते. २१ मार्च १८७४ रोजी तिथे विद्यार्थ्यांच्या शर्यती झाल्या. त्यांतला शेवटचा खेळ होता तेल चोपडलेले डुक्कर पकडण्याचा. उद्याचे आरमारी अधिकारी हातातून निसटणाऱ्या डुकरामागे धावले आणि जपानमधला पहिला म्हणून ओळखला जाणारा क्रीडादिन पार पडला.

कल्पना इंग्रजांची होती. मेईजी सरकारला आरमार ब्रिटिश धर्तीवर उभारायचे होते आणि त्यासाठी आदल्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस या अधिकाऱ्याच्या हाताखाली तीसेक जणांचे पथक टोकियोत आले होते. इंग्लंडच्या शाळांत आणि लष्करात खेळांचा असा एखादा दिवस असेच; या मंडळींनी तो जपानी विद्यार्थ्यांना दाखवला. शर्यतींना नावे मात्र कवितेत शोभतील अशी मिळाली. लहान मुलांची धावण्याची शर्यत म्हणजे घरट्याबाहेर पडणारी चिमणीची पिल्ले; त्यांच्याहून मोठ्यांची शर्यत म्हणजे उडायला शिकणारी पाकोळी. उड्यांच्या स्पर्धा माशांच्या नावाने ओळखल्या गेल्या. परदेशी वस्तू घ्यायची, पण घरात आणताना तिला आपले कपडे चढवायचे, ही त्या काळच्या जपानची रीत इथेही दिसते.

पुढची दोन पावलेही परदेशी शिक्षकांच्याच बोटाला धरून पडली. १८७८ मध्ये होक्काइदोतल्या साप्पोरो कृषी महाविद्यालयाने मैदानी स्पर्धांचा मेळा भरवला. अमेरिकी प्राध्यापकांनी घडवलेली ही संस्था तेव्हा दोनच वर्षांची होती. १८८३ च्या जूनमध्ये टोकियो विद्यापीठात फ्रेडरिक स्ट्रेंज या इंग्रज शिक्षकाने अशाच स्पर्धा घेतल्या. मुलांना खेळ कसे खेळायचे ते कळावे म्हणून त्याने त्याच वर्षी मैदानी खेळांवर एक छोटे पुस्तकही काढले. विद्यापीठाच्या या स्पर्धा पुढे शहरातल्या प्रतिष्ठितांच्या भेटीगाठींचा दिवस बनल्या. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०८ च्या ‘सान्शिरो’ कादंबरीतला नायक त्या पाहायला जातो खरा, पण त्याचे लक्ष धावणाऱ्यांपेक्षा प्रेक्षकांतल्या मुलींकडेच अधिक असते.

ही सारी निवडक तरुणांची गोष्ट झाली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराचा तिच्याशी काही संबंध नव्हता. ‘उन्दोकाई’ म्हणजे शाळेचा क्रीडादिन. तो गावागावात कसा पोचला, हे समजायला आधी गावाचे आणि शाळेचे कसे होते ते पाहावे लागते. ते अजिबात बरे नव्हते.

१८७२ मध्ये सरकारने देशभर शाळा काढायचा हुकूम काढला. शाळेचा खर्च गावाने सोसायचा, वर मुलांची फी भरायची, आणि शेतातले दोन हात कमी होणार ते वेगळेच. त्यात सक्तीच्या लष्करभरतीची घोषणा झाली. १८७३ मध्ये ओकायामा आणि कागावा भागांत शेतकऱ्यांचे दंगे उसळले आणि त्यांत शाळांना आगी लावल्या गेल्या. त्या वर्षी शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम २८ टक्के मुलांची नावे पटावर होती. शाळा म्हणजे वरून लादलेली, पैसे खाणारी, मुले पळवणारी वस्तू, असे गावाला वाटत होते. तीस वर्षांत हेच गाव शाळेच्या पटांगणात चटया अंथरून दिवसभर बसू लागले. हा पालट घडवण्यात पाठ्यपुस्तकांपेक्षा उन्दोकाईचा वाटा मोठा होता.

सरकारच्या डोक्यात अर्थातच जत्रा नव्हती. १८७८ मध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था टोकियोत निघाली आणि तिथे शिकवायला अमेरिकेच्या अॅमहर्स्ट कॉलेजातून जॉर्ज लीलंड हा तरुण डॉक्टर आला. लाकडी डंबेल्स घेऊन तालावर करायचे हलके व्यायाम ही त्याची देणगी. १८८५ मध्ये मोरी आरिनोरी शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी या व्यायामाला लष्करी कवायतीची जोड दिली. शिक्षक घडवणाऱ्या अध्यापन विद्यालयांत बराकीतली शिस्त आली: रांगा, हुकूम, संचलन, खांद्यावर बंदूक. आज्ञा पाळणारा, एका पावलावर चालणारा नागरिक मोरींना हवा होता. १८८९ च्या फेब्रुवारीत, राज्यघटना जाहीर झाली त्याच दिवशी, एका माथेफिरूने त्यांच्यावर सुरा चालवला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पण त्यांच्या विद्यालयांतून बाहेर पडलेले मास्तर तोवर खेडोपाडी पोचले होते, आणि शिकलेली कवायत लोकांना दाखवायला त्यांना एखादा दिवस हवाच होता.

अडचण होती ती मैदानाची. बहुतेक शाळा देवळात, मठात नाहीतर कुणाच्या घरात भरत. मग पाच-दहा शाळांनी मिळून एखादी मोकळी जागा गाठायची पद्धत पडली. नदीचे वाळवंट, समुद्रकिनारा, देवळाचे आवार, जुन्या किल्ल्याचे पटांगण, जिथे जागा असेल तिथे. मुले पहाटे निघत, झेंडे घेऊन, गाणी म्हणत, रांगेने मैलोन्‌मैल चालत जात. दिवसभर खेळून पुन्हा तशीच परत येत. आजच्या जपानी शाळांच्या पायी सहलीचे मूळही याच चालण्यात आहे.

असा एक मेळा कसा असे याचे डोळ्यांदेखतचे वर्णन सुदैवाने उपलब्ध आहे. लाफ्कादिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये पश्चिम जपानच्या मात्सुए शहरात इंग्रजीचा शिक्षक म्हणून गेला होता. जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता तोच, १५ ऑक्टोबरला, त्याने शिमाने प्रांतातल्या शाळांचा उन्दोकाई पाहिला. जागा होती मात्सुएच्या किल्ल्याचे आवार. आदल्या दिवसात गोल धावमार्ग आखला गेला, अडथळे उभे राहिले, हजारो लाकडी आसने मांडली गेली आणि गव्हर्नरसाठी हारतुऱ्यांनी, झेंड्यांनी सजवलेला मंडप उभा राहिला. पंचवीस मैलांच्या परिसरातून आलेली जवळजवळ सहा हजार मुले-मुली भाग घेणार होती. पालक आणि पाहुणे बाकांवर होते. शिवाय तटबंदीवर चढून बसलेली गर्दी हर्नच्या अंदाजाने शहराच्या एक तृतीयांश वस्तीएवढी होती. पिस्तुलाच्या बारावर शर्यती सुटत. मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत एकाच वेळी चार प्रकारचे खेळ चालत. धावणे, उड्या, शेकडो हातांनी ओढलेली रस्सीखेच, आणि मग सहा हजार मुलांचा डंबेल्सचा व्यायाम, सगळे हात एकदम वर आणि एकदम खाली. बक्षिसे खुद्द गव्हर्नरने दिली. सकाळी आठला सुरू झालेला कार्यक्रम संध्याकाळी पाचला राष्ट्रगीताने आणि सम्राटांच्या जयजयकाराने संपला.

या एका दिवसात उन्दोकाईची दोन्ही तोंडे दिसतात. मैदानात लीलंडचे डंबेल्स आणि मोरींची शिस्त. तटबंदीवर मात्र सुट्टी काढून आलेले, खाणेपिणे बरोबर आणलेले, आपले पोर ओळखायची धडपड करणारे गाव. सरकारला मैदानातले दृश्य महत्त्वाचे वाटत होते. टिकले ते तटबंदीवरचे.

गंमत म्हणजे, सरकारविरोधकांनाही हा प्रकार आवडला. १८८० पासून राजकीय सभांवर कडक बंधने होती. लोकप्रतिनिधींची सभा आणि घटना मागणाऱ्या स्वातंत्र्यवादी चळवळीतल्या तरुणांनी मग सभेऐवजी ‘उन्दोकाई’ भरवायला सुरुवात केली. खेळांना कोण अडवणार? रस्सीखेच व्हायची, झेंडे पळवण्याचे खेळ व्हायचे, आणि झेंड्यांवर राजकीय घोषणा लिहिलेल्या असायच्या. ज्याने झेंडा पळवला त्याच्या बाजूची घोषणा जिंकली. शेवटी मिरवणूक निघे आणि पोलिसांशी खटके उडत. १८८७ मध्ये सरकारने शेकडो कार्यकर्त्यांना टोकियोतून हद्दपार केले तेव्हा हा अध्यायही ओसरला. पण खेळाच्या नावाखाली लोक जमवता येतात, हे तोवर दोन्ही बाजूंना कळून चुकले होते.

खरा बदल आला १९०० च्या सुमारास. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने प्राथमिक शाळेची फी रद्द झाली आणि शाळेला व्यायामाचे पटांगण असणे बंधनकारक झाले. पटसंख्या तोवर ८० टक्क्यांच्या वर गेली होती. प्रत्येक शाळेला आपले मैदान मिळाले, तसा प्रत्येक गावाला आपला उन्दोकाई मिळाला. मुलांना आता कुठे चालत जायचे नव्हते. गावच शाळेत येणार होते.

त्यातच १९०६ पासून सरकारने छोटी शिंतो देवळे मोठ्या देवळांत विलीन करण्याचा सपाटा लावला. सहा-आठ वर्षांत सुमारे ७० हजार देवळे नाहीशी झाली आणि त्यांच्याबरोबर कित्येक वाड्यावस्त्यांचे उत्सव बुडाले. मिनाकाता कुमागुसु या निसर्गशास्त्रज्ञाने या धोरणाविरुद्ध जिवाच्या आकांताने लढा दिला, तोही उगाच नव्हे. अशा गावांना सुगीनंतर एकत्र यायला एक निमित्त हवे होते, आणि शाळेचा उन्दोकाई शरद ऋतूत, नेमका भाताची कापणी आटोपता आटोपता यायचा. सम्राट मेईजींचा वाढदिवस ३ नोव्हेंबरला असे. पुष्कळ शाळा त्याच सुमाराचा मुहूर्त धरत.

गाव आले ते रिकाम्या हाताने आले नाही. रस्सीखेच हा इंग्रजी आरमाराचा खेळ खरा, पण जपानी खेड्यांत गवताचा जाड दोर वळून दोन वाड्यांनी ओढायचा विधी आधीपासूनच होता. ज्या बाजूला दोर जाईल त्या बाजूला पीक चांगले, अशी समजूत. तो विधी थेट पटांगणात उतरला. तांदळाचे पोते पाठीवर घेऊन धावायच्या शर्यती आल्या, वाडीविरुद्ध वाडी रिले आल्या, तरुण मंडळांचे आणि आयाबायांचे खेळ आले. जिंकणाऱ्या मुलांना वह्या-पेन्सिली मिळत. पटांगणावर दोरीने देशोदेशीचे कागदी झेंडे लागत. सकाळी आकाशात फटाक्याचा बार उडाला की समजायचे, पाऊस नाही, आज उन्दोकाई होणार. आदल्या रात्री मुले खिडकीत पांढऱ्या कापडाची ‘तेरु तेरु बोझु’ बाहुली टांगून उघडीप मागत, आणि अजूनही मागतात.

लाल आणि पांढरा अशी शाळेची दोन गटांत वाटणी करायची रीतही याच काळात पक्की झाली. बाराव्या शतकातल्या गेन्पेई युद्धात ताइरा घराण्याचे निशाण लाल होते आणि मिनामोतोंचे पांढरे. जपानी मुलाला हे दोन रंग दिसले की सामना आलाच. एका बाजूने लाल आणि उलटवली की पांढरी, अशी कापडी टोपी शाळेच्या दप्तरात आजही असते. लहान मुलांसाठी ‘तामाइरे’: उंच खांबाच्या टोकाला टोपली, आणि खालून शेकडो छोटे चेंडू तिच्यात फेकायचे. खेळ संपला की दोन्ही टोपल्यांतले चेंडू एक एक करून वर उडवत सगळे मैदान मोठ्याने मोजणी करते. मोठ्यांसाठी ‘किबासेन’: तिघांनी मिळून घोडा व्हायचे, चौथ्याने स्वार, आणि समोरच्या स्वाराची टोपी नाहीतर डोक्याची पट्टी हिसकावायची. आणि ‘बोताओशी’: एका गटाने खांब धरून ठेवायचा, दुसऱ्याने त्यावर तुटून पडून तो आडवा करायचा. आरमारी विद्यालयातली ही दांडगाई आजही योकोसुकाच्या राष्ट्रीय संरक्षण अकादमीत दरवर्षी चालते, प्रत्येक बाजूला दीडशे कॅडेट घेऊन.

पण मैदानावरचा सरकारचा हक्क सुटलेला नव्हता. चीनशी झालेल्या १८९४-९५ च्या आणि रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धानंतर शाळांत लुटुपुटीच्या लढाया रंगू लागल्या. १९२८ च्या १ नोव्हेंबरला नव्या सम्राटाच्या राज्यारोहणानिमित्त रेडिओवरून व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. पोस्टखात्याच्या आयुर्विमा विभागाने अमेरिकन विमा कंपनीची कल्पना उचलून तो आणला होता. विमेदार जास्त जगावेत हा साधा हिशेब. पुढे मात्र देशभर एकाच क्षणी एकाच तालावर हलणारी शरीरे पाहून राज्यकर्त्यांना त्याचा वेगळाच उपयोग सुचला. १९४१ मध्ये प्राथमिक शाळांचे ‘राष्ट्रीय शाळा’ असे नामकरण झाले आणि उन्दोकाईत हातबॉम्ब फेकण्याच्या, आग विझवायला बादल्या पोचवण्याच्या स्पर्धा आल्या. युद्धाच्या अखेरीस तर पुष्कळ पटांगणे नांगरून त्यांत रताळी लावली गेली.

याच काळात टोकियोच्या जियुगाओका भागातली एक चिमुकली शाळा वेगळ्याच चालीने चालली होती, आणि मराठी वाचकांना ती ओळखीची आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आणि बहुतेक प्रत्येक शिक्षक-शिबिरात पोचले. त्यातल्या तोमोए शाळेचा क्रीडादिन आठवून पाहावा. मुख्याध्यापक कोबायाशींनी ३ नोव्हेंबरची तारीख धरली ती त्या दिवशी पाऊस पडण्याचा संभव सर्वांत कमी, हे नोंदी पाहून. खेळ असे बेतले की उंची न वाढलेला, आखूड पायांचा एक मुलगा प्रत्येक शर्यत जिंकावा: कापडी माशाच्या पोटातून सरपटत जायचे, शिडीच्या पायऱ्यांमधून निसटायचे, जिना पळत चढायचा. आणि बक्षीस काय, तर मुळा, पालक, भाजीची जुडी. देशभरच्या शाळा मुलांना सैनिक बनवत होत्या तेव्हा या माणसाने उन्दोकाईचे नियमच एका मुलाच्या मापाने कापले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळाली.

युद्ध हरल्यावर देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकनांनी शाळांतली लष्करी कवायत बंद केली. रेडिओचा व्यायामही थांबला. नव्या रूपात तो १९५१ मध्ये परतला. उन्दोकाई मात्र बंद पडला नाही, कारण तोवर तो सरकारचा उरला नव्हता. कवायत गेल्याने रिकामी झालेली जागा भरली लोकनृत्याने. १९४६ मध्ये नागासाकीत विनफिल्ड निब्लो हा अमेरिकी शिक्षणाधिकारी होता. त्याने तिथल्या शिक्षकांना अमेरिकी गावठी नाच शिकवले, आणि ते वणव्यासारखे देशभर पसरले. मुलगे आणि मुली एका गोलात, हातात हात धरून, दर काही पावलांनी जोडीदार बदलत. सहशिक्षण नुकतेच रुजत होते. कित्येकांनी परक्या मुलीचा हात पहिल्यांदा धरला तो उन्दोकाईच्या ‘ओक्लाहोमा मिक्सर’मध्येच. शर्यतींच्या संगीतात फ्रान्सचा ऑफेनबाख आणि रशियाचा काबालेव्स्की येऊन बसले. त्यांच्या धावत्या चाली कोणत्याही जपानी माणसाला ऐकवा, त्याला संगीतिका आठवणार नाही, दोनशे मीटरची शर्यत आठवेल.

१० ऑक्टोबर १९६४ ला टोकियो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. १९६६ पासून ती तारीख ‘शारीरिक शिक्षण दिन’ म्हणून राष्ट्रीय सुट्टी झाली. २००० मध्ये ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी गेली आणि २०२० मध्ये तिचे नाव ‘क्रीडा दिन’ झाले. ऑलिंपिकनंतरची दोन-तीन दशके हा उन्दोकाईचा भराचा काळ. पहाटे वडील चटई घेऊन शाळेच्या फाटकाशी रांग लावत, धावमार्गाजवळची जागा पकडण्यासाठी. आई अंधारात उठून डबा करी: भाताचे ओनिगिरी, तळलेली कोंबडी, अंड्याची गोडसर वळकटी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला इनारीझुशी. दुपारी मुले मैदानातून सुटून आपापल्या चटईवर येत आणि आजी-आजोबांसकट सगळे घर एकत्र जेवे. १९८९ मध्ये सोनीने हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा आणला, आणि वडिलांच्या हातात चटईबरोबर कॅमेराही आला. दर शरदात कॅमेरा कंपन्यांच्या जाहिराती धावणाऱ्या मुलांनी भरून जाऊ लागल्या.

या सोहळ्याची एक बाजू मात्र दिवसेंदिवस धोक्याची होत गेली. ‘कुमिताइसो’ म्हणजे मानवी मनोरे हा सहावीच्या आणि माध्यमिकच्या मुलांचा शेवटचा मानाचा प्रयोग. पालकांच्या डोळ्यांत पाणी आणणारा म्हणून तो लाडका, आणि शाळाशाळांची चढाओढ लागून थर वाढत गेले. सात, आठ, नऊ, दहा. नागोया विद्यापीठाचे शिक्षण-समाजशास्त्रज्ञ उचिदा र्यो यांनी २०१४ पासून आकडे मांडून धोक्याची घंटा वाजवली: या एका प्रकारात शाळांतल्या मुलांना वर्षाला आठ हजारांहून अधिक इजा होत होत्या. २०१५ च्या सप्टेंबरात ओसाकाजवळच्या याओ शहरात एका माध्यमिक शाळेचा दहा थरांचा मनोरा भर उन्दोकाईत कोसळला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. पुढच्या वर्षी ओसाका शहराने आपल्या शाळांत मनोऱ्यांवर बंदी घातली आणि केंद्र सरकारच्या क्रीडा खात्याने सुरक्षेची हमी नसेल तर असे प्रयोग करू नयेत असे कळवले. कवायतीचा हा शेवटचा मोठा अवशेष होता. तो गेल्याने हळहळणाऱ्यांत पालकही होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सावधपणा बारीकसारीक गोष्टींतही शिरला. मैदानावर रेषा मारायची फक्की पूर्वी चुन्याची असे. डोळ्यात गेली तर इजा होते म्हणून २००७ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ती बदलायला सांगितले. सप्टेंबरचा उकाडा वाढत गेला तसे पुष्कळ शाळांनी उन्दोकाई शरदातून उचलून मे-जूनमध्ये नेला. म्हणजे सुगीशी असलेले नाते सुटले. मग २०२० मध्ये कोविड आला. गर्दी नको म्हणून एकेका इयत्तेच्या पालकांना आळीपाळीने आत घेतले गेले, खेळ कमी झाले, कार्यक्रम दुपारच्या जेवणाआधी आटोपला. साथ गेली, अर्धा दिवस मात्र कितीतरी शाळांत तसाच राहिला. शिक्षकांचे काम हलके झाले, नोकरी करणाऱ्या आयांची पहाटेची धावपळ वाचली, उन्हाचा त्रास टळला. कारणे खोटी नाहीत.

खेड्यांचा प्रश्न याहून मूलभूत आहे, तिथे मुलेच नाहीत. २००२ ते २०२० या काळात जपानमध्ये साडेआठ हजारांहून अधिक सरकारी शाळा बंद झाल्या. जिथे पाच-पंचवीस मुले उरली तिथे शाळेचा आणि गावाचा उन्दोकाई एकत्रच होतो, आणि रिले धावायला आजोबांना उतरावे लागते. शिकोकू बेटावरच्या नागोरो गावची शाळा २०१२ मध्ये मिटली. तिथे आयानो त्सुकिमी या बाईंनी गावातल्या गेलेल्या माणसांच्या जागी शेकडो कापडी बाहुल्या करून मांडल्या आहेत, आणि गावकऱ्यांनी त्या बाहुल्यांना घेऊन उन्दोकाईही भरवला आहे.

जपानबाहेर हा दिवस जपानी राजवटीबरोबर आणि जपानी स्थलांतरितांबरोबर गेला. कोरियात आणि तैवानात वसाहतीच्या शाळांनी तो रुजवला. राजवट गेली, त्या देशांनी दिवस ठेवून घेतला. कोरियातल्या शाळांनी लाल रंग काढून निळा घेतला, इतकेच. ब्राझीलमधल्या जपानी वस्त्यांत तो अजून सहकुटुंब साजरा होतो, डब्यासकट.

जपानच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शाळेने आरोग्य, सुरक्षा आणि शरीरशिक्षणाचे कार्यक्रम घ्यावेत असे म्हटले आहे. उन्दोकाईत कोणते खेळ असावेत, तो किती वेळ चालावा, पालकांनी कुठे बसावे, हे शाळा ठरवते. गेल्या दीडशे वर्षांत डुक्कर गेले, बंदुका गेल्या, हातबॉम्ब गेले, मनोरे गेले, आणि त्यांतल्या एकाच्याही जाण्याने उन्दोकाईचे काही अडले नाही. दुपारच्या डब्याचे तसे नाही. शाळा जाळणाऱ्या गावाला शाळेत आणून बसवले ते त्या डब्याने, आणि अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडताना जपानी शाळांनी ही बाब अजून जमेस धरलेली दिसत नाही.